दुर्मीळ कोण: पतंग की रामपत्री?

पावसाळ्यात कोकणात एक बातमी ठरलेली: 'अमुक गावात आढळला दुर्मीळ महाकाय पतंग'. सोबत पडवीतल्या दिव्याखाली बसलेल्या अ‍ॅटलास मॉथचा फोटो. पसरलेल्या पंखांची एकूण रुंदी २४ सेंटिमीटरपर्यंत, टोकांना सापाच्या डोक्यासारखी नक्षी. देखणा आहे, पण दुर्मीळ नाही. त्याच्या अळ्या परसातल्या पेरू-दालचिनीवर पोसतात. पंखावरच्या पुडीने माणूस आंधळा होतो, ही तर निव्वळ आवई. ती पूड म्हणजे सुटलेले खवले.

खरं दुर्मीळ असतं राईतलं रामपत्रीचं झाड. मसाल्यातली रामपत्री म्हणजे त्याच्या बीवरची झालर. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत ते 'असुरक्षित' आहे.

आता हिशेब पाहा. पतंगाची मादी दोनेकशे अंडी घालते. त्यातली दोन पिल्लं जगून वीण चालवती झाली, की संख्या टिकली. रामपत्रीच्या मादी झाडालाही दोनच वारस हवेत. पतंग झाल्यावर खाण्याजोगं तोंडच नसल्याने त्याच्या हातात जेमतेम आठवडा-दोन आठवडे, झाडाच्या हातात कित्येक वर्षं. तरी झाड हरतं, आणि हरतं ते बीमुळे.

भाताचं बी पिकताना स्वतःच सुकतं. पाणी कमी होतं तशा पेशीतल्या साखरा काचेसारख्या घट्ट होतात आणि पेशीची पटलं फाटू देत नाहीत. म्हणून कणगीतलं भात पुढच्या मृगाला उगवतं. रामपत्रीच्या बीत ही तयारीच नसते. ते झाडावरून पडतं तेच ओलं आणि आतले जीवनव्यवहार चालू असलेलं. पाणी गेलं की पटलं फाटतात, गर्भ मरतो. वरून टणक दिसणारं बी आत मेलेलं असतं. पेढीवरून आणलेली बियाणी उगवत नाहीत, ती यामुळेच. एरवी धनेश पक्षी झालरीसकट बी गिळतो आणि ते लांब सावलीत टाकतो. पण झालरीसाठी फळं कच्चीच तोडली, तर त्याच्या वाट्याला काय उरणार?

रोपं करायची तर पिकून फुटलेल्या फळातलं बी घ्यावं, झालर काढून धुवावं आणि दोन-चार दिवसांत ओलसर वाळूत, सावलीत पेरावं. ऊन नको, फ्रिज नको, साचलेलं पाणीही नको.

शिवाय जायफळासारखीच इथेही नर-मादी झाडं वेगळी, आणि फुलं येईपर्यंत कळत नाहीत. निम्मे नर धरले, तरी जवळजवळ लावलेली सहा रोपं सगळी नर किंवा सगळी मादी निघण्याची शक्यता ३२ त १. एकटं लावलेलं झाड मात्र नुसती सावली देणार.