इलेक्ट्रॉनिक नाक आणि खाद्यवेष्टनांची गंधतपासणी

खाद्यपदार्थांच्या वेष्टनाला येणारा नकोसा वास पकडण्यासाठी अनेक वायुसंवेदकांचा संच आणि त्यांच्या संकेतांची संगणकीय छाननी यांची सांगड घालून केलेले उपकरण म्हणजे इलेक्ट्रॉनिक नाक. पुठ्ठा, प्लॅस्टिकची फिल्म, छापील पाऊच, बाटल्या असा माल तपासताना ते वापरतात. नावात नाक असले तरी वास चांगला की वाईट हे त्याला कळत नाही. समोरचा नमुना आधी शिकवलेल्या नमुन्यांपैकी कोणाशी जुळतो, एवढेच ते सांगते.

वेष्टनाला वास लागण्याची कारणे बरीच आहेत. छपाईच्या शाईतील एथिल ॲसिटेटसारखे विद्रावक नीट सुकले नाहीत तर फिल्मच्या थरांत अडकून राहतात आणि रोल उलगडताना उग्र भपका येतो. पुठ्ठ्याच्या लगद्यात उरलेल्या मेदाम्लांचे ऑक्सिडीभवन होऊन हेक्झॅनल तयार होते. त्याला कापलेल्या गवताची आठवण करून देणारा वास असतो. पॉलिएथिलीन प्रमाणाबाहेर तापले की त्याला जळक्या मेणासारखा वास येतो, तर पीईटी बाटलीतले ॲसिटाल्डिहाइड पाण्यात उतरून त्याची चव बदलते. चॉकलेट, लोणी असे स्निग्ध पदार्थ हे वास चटकन ओढून घेतात. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या १९३५ क्रमांकाच्या नियमानुसार अन्नाला लागणाऱ्या वस्तूने त्याची चव, वास वा रूप बिघडवता कामा नये.

ही पारख पूर्वापार माणसेच करत आली आहेत. रॉबिन्सन चाचणीत बंद बरणीत वेष्टनाच्या नमुन्यासोबत चॉकलेट ठेवतात आणि मग परीक्षक ते साध्या चॉकलेटशी ताडून चाखतात. पद्धत विश्वासाची, पण वेळखाऊ. शिवाय काही नमुने हुंगल्यावर नाकाला वासाची सवय होते आणि फरक जाणवेनासा होतो.

१९८२ साली वॉरिक विद्यापीठातील कृष्ण पर्सॉड आणि जॉर्ज डॉड यांनी ‘नेचर’ नियतकालिकात अशा यांत्रिक घ्राणयंत्रणेची कल्पना मांडली. एकाच वायूला ओळखणारा संवेदक शोधण्याऐवजी त्यांनी अनेक वायूंना कमीअधिक प्रतिसाद देणारे संवेदक एकत्र ठेवले आणि सगळ्यांच्या संकेतांतून उमटणाऱ्या ठशावरून वास ओळखला. सस्तन प्राण्यांचे नाकही बरेचसे असेच चालते, ही या कल्पनेतली खरी सुंदर गोष्ट.

सर्वांत रुळलेला संवेदक कथिल ऑक्साइडचा. तो साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसला तापवलेला असतो. हवेतला ऑक्सिजन त्याच्या कणांवर बसून इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, त्यामुळे विद्युतरोध वाढलेला असतो. विद्रावकाची वाफ आली की ती या ऑक्सिजनशी अभिक्रिया करते, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध उतरतो. याशिवाय वाहक बहुवारिकांचे (वीज वाहून नेणाऱ्या पॉलिमरचे) आणि क्वार्ट्झ स्फटिकांचे संवेदकही असतात. स्फटिकावर रेणू बसून वजन वाढले की त्याची कंपनसंख्या घटते.

तपासणीत खरी मेख आहे ती नमुना घेण्यात. ठरलेल्या मापाचा पुठ्ठ्याचा तुकडा काचेच्या कुपीत घालून बूच लावतात, कुपी ठरावीक वेळ गरम ठेवतात आणि वरची हवा संवेदकांवरून नेतात. पडद्यावर रेषा खाली झुकतात. मग शुद्ध हवा सोडून त्या मूळ पातळीवर आल्याशिवाय पुढची कुपी घेत नाहीत. तुकडा दमट असेल तर कथिल ऑक्साइड पाण्याच्या वाफेलाच प्रतिसाद देते आणि चांगला पुठ्ठाही नापास ठरू शकतो. म्हणून नमुने आधी ठरावीक आर्द्रतेत ठेवावे लागतात. ही पायरी वगळली तर पुढचे सारे गणित व्यर्थ.

दुसरी अडचण वासाच्या तीव्रतेची. बुरशीमुळे तयार होणाऱ्या ट्रायक्लोरोॲनिसोलचा कुबट वास माणसाला लक्षकोटी भागांत काही भाग एवढ्या अल्प प्रमाणातही जाणवतो. नेहमीच्या संवेदकांना तो सापडत नाही. उलट, फारसा त्रास न देणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेने ते दणदणीत संकेत देतात. त्यामुळे अनोळखी वासाचा उलगडा करण्यापेक्षा एकाच यंत्रावरचा एकाच प्रकारचा माल रोलमागून रोल तपासणे हेच या उपकरणाचे योग्य काम होय. वेगळा ठसा उमटलेला रोल बाजूला काढून दोषी रेणू वायुवर्णलेखनाने (वाफेतले घटक वेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीने) शोधतात.

संवेदक जुने होतात तसे त्यांचे संकेतही सरकत जातात. त्यामुळे उपकरण ठरावीक काळाने संदर्भ नमुन्यांवर पुन्हा जुळवून घेतात, आणि त्यातले पास कोणते, नापास कोणते हे प्रशिक्षित परीक्षकांनी हुंगूनच ठरवलेले असते.