ठिणगीविना धावणारं साडेतीन सीसीचं इंजिन

नायट्रो आरसी गाडीचं, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर पळणाऱ्या छोट्या रिमोट कंट्रोल गाडीचं इंजिन हातात आलं की मोटरसायकलींवर आयुष्य काढलेला मेकॅनिकसुद्धा पहिला प्रश्न हाच विचारतो: याला करंट कुठून येतो? ठिणगी पाडायला मॅग्नेटो नाही, कॉइल नाही, सीडीआय नाही. गाडीत बॅटरी असते, पण ती रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर आणि स्टिअरिंग-थ्रॉटल हलवणाऱ्या सर्व्होपुरती. हेडच्या मधोमध एक बारकासा ग्लो प्लग असतो आणि त्यात प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या तारेचं इवलंसं वेटोळं. सुरू करताना त्याला दीड व्होल्टचा इग्नायटर लावायचा, तार लाल झाली की दोरी ओढायची आणि इंजिनने धरलं की इग्नायटर काढून घ्यायचा. पुढे टाकी संपेपर्यंत ती तार आपली आपण तापलेली राहते आणि इंजिन मिनिटाला तीस-पस्तीस हजार फेरे घेतं.

तार तापलेली राहते याचं अर्धं श्रेय आधीच्या स्फोटाच्या उष्णतेला आणि दाबाला. उरलेलं अर्धं रसायनाला. मेथॅनॉलची वाफ आणि ऑक्सिजन गरम प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर भेटले की तिथल्या तिथे, ज्वाळेशिवाय, ऑक्सिडीकरण सुरू होतं आणि उष्णता सुटते. प्लॅटिनम यात खर्ची पडत नाही, ते फक्त उत्प्रेरक. ज्वलनशील वायू आणि हवेच्या मिश्रणात तापवलेली प्लॅटिनमची तार ज्वाळा नसतानाही लाल राहते, हे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८१७ मध्येच पाहिलं होतं. त्याचा इंजिनाला उपयोग व्हायला मात्र सव्वाशे वर्षांहून जास्त काळ गेला. अमेरिकेत रे आर्डेन यांचे ग्लो प्लग १९४७ साली बाजारात आले आणि मॉडेल विमानांच्या पोटातली कॉइल-बॅटरी हद्दपार झाली. जमिनीवरच्या गाड्यांनी ही सोय विमानांकडूनच उचलली.

सोय झाली, पण एक गोष्ट हातची गेली. ठिणगीच्या इंजिनात मिश्रण नेमकं कधी पेटवायचं हे टायमिंग लावून ठरवता येतं. इथे लावायला टायमिंगच नाही. तार किती तापलेली आहे, दाब किती आहे, मिश्रणात इंधन किती आणि नायट्रो किती, यावर पेटण्याचा क्षण ठरतो. शिवाय हे टू-स्ट्रोक. वेगळी ऑइल टाकी नाही, क्रँक आणि कनेक्टिंग रॉडला मिळणारं सगळं तेल इंधनातच मिसळलेलं. थंड ठेवायलाही मोठा वाटा त्याच इंधनाचा: एक किलो मेथॅनॉलची वाफ होताना सुमारे ११०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे ऊर्जा, वंगण, थंडावा आणि टायमिंग ही चारही कामं एकाच नळीतून येणाऱ्या द्रवाकडे. कार्ब्युरेटरची सुई, म्हणजे इंधन किती सोडायचं ते ठरवणारा स्क्रू, फिरवली की चारही एकदम हलतात. नायट्रो ट्यूनिंग नवख्याला छळतं ते यामुळेच. ज्याला हे एकदा उमगलं त्याला यूट्यूबवरच्या पन्नास उलटसुलट सल्ल्यांची गरज उरत नाही.

इंधनाची बाटली वाचू. बहुतांश मेथॅनॉल, १० ते ३० टक्के नायट्रोमिथेन, आणि साधारण १० ते २० टक्के तेल, त्यात सिंथेटिक आणि थोडं एरंडेल. होय, आपलं एरंडेलच; अती तापलं तरी ते पटकन पातळ होऊन जागा सोडत नाही. नायट्रोमिथेन मात्र गंमतशीर. किलोमागे त्यातून जेमतेम ११ मेगाज्यूल ऊर्जा निघते, पेट्रोलमधून ४४. मग ताकद कुठून येते? त्याच्या रेणूतच ऑक्सिजन आहे. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, मेथॅनॉलला साडेसहाच्या आसपास, नायट्रोमिथेनला फक्त १.७ किलो. इंजिनात एका फेऱ्यात शिरणारी हवा ठरलेली. तेवढ्या हवेत नायट्रोमिथेन कितीतरी जास्त कोंबता येतं. हिशोब मांडला तर तेवढ्याच हवेतून पेट्रोलच्या दुपटीहून अधिक ऊर्जा निघते. अमेरिकेतल्या टॉप फ्युएल ड्रॅग शर्यतींच्या गाड्या ९० टक्के नायट्रोमिथेनवर धावतात ते याच हिशोबाने. आपल्या १:८ बग्गीतलं (खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश आकाराच्या आरसी गाडीतलं) साडेतीन सीसीचं इंजिन दोन अश्वशक्तीच्या घरात पोचतं. शंभर सीसीची रोजच्या वापरातली मोटरसायकल आठच्या आसपास. बग्गीची १२५ मिलिलिटरची इंधनटाकी आठ-दहा मिनिटांत रिकामी होते, ही त्याची किंमत.

आता सुया. बहुतेक कार्ब्युरेटरवर दोन असतात, हाय स्पीड आणि लो स्पीड, आणि आयडलिंगचा एक स्क्रू. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की इंधन कमी, म्हणजे लीन. उलट फिरवलं की रिच. आधी इंजिन नीट गरम करायचं, मग हाय स्पीड सुई लावायची आणि त्यानंतर लो स्पीड. एका वेळी एकच सुई, आणि फेऱ्याचा आठवा भाग, त्याहून जास्त नाही. फिरवल्यावर एक-दोन चकरा पळवून मगच निकाल बघायचा. आतलं तापमान स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच.

रिच गाडी ओळखायला सोपी. सायलेन्सरमधून निळसर-पांढऱ्या धुराचा लोट निघतो, थ्रॉटल दिल्यावर इंजिन घुर्र करत अडखळतं, वरचा आवाज मोकळा लागत नाही. लीन गाडी फसवते. आधी ती मस्त पळते, आवाज टिपेला जातो, धूर दिसेनासा होतो आणि पोराला वाटतं, जमलं! मग सरळ पट्ट्याच्या शेवटी अचानक दम तुटतो. थ्रॉटल सोडला तरी फेरे लगेच खाली येत नाहीत. या क्षणी आत थंडावा कमी, तेल कमी आणि मिश्रण वेळेआधी पेटतंय, असं तिन्ही बाजूंनी चाललेलं असतं. प्लगची तार तुटते किंवा वाकते, पिस्टनचा माथा खरबरीत होतो. धूर दिसत राहिला पाहिजे, हा नियम मी कुठल्याही थर्मामीटरच्या वर ठेवतो. प्लगजवळ हेडवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर साधारण १०० ते १२५ अंश सेल्सिअस दिसावं हे खरं, पण मे महिन्यातली दुपार आणि डिसेंबरमधली सकाळ यांत तेच ट्यूनिंग वेगळा आकडा दाखवतं. आकड्यामागे सुई फिरवत बसणारे लोक थंडीत इंजिनं मारतात.

लो स्पीडसाठी एक जुनी चाचणी अजूनही उत्तम आहे. गरम इंजिन आयडलिंगवर ठेवा, कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी दोन बोटांत चिमटा आणि कान द्या. नळी बंद झाली तरी पुढच्या इंचभरात इंधन आहे, तेवढ्यावर इंजिन चालतं. मिश्रण हळूहळू लीन होत जातं, फेरे किंचित वाढतात आणि दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडतं. असं झालं तर सुई जागेवर आहे. चिमटताच, फेरे न वाढता बंद पडलं तर आधीच लीन. पाच-सहा सेकंद चढत राहिलं तर रिच. चिमटा काढलेल्या त्या दोन सेकंदांत इंजिन लीनच्या सगळ्या पायऱ्या एकामागोमाग ऐकवतं, म्हणून कान तयार करायलाही याहून चांगला सराव नाही.

काल लावलेली सुई आज का चालत नाही? हवा बदलली म्हणून. मुंबईत समुद्रसपाटीला जमवलेली गाडी महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर नेली तर तिथली हवा दहा-बारा टक्क्यांनी विरळ. गाडी रिच वाटते आणि थोडी लीन करावी लागते. घाट उतरल्यावर ती सुई परत खोलायला विसरलं की खेळ खल्लास. पावसाळ्यात कोकणात हवेतल्या बाष्पाने जवळजवळ चार टक्के जागा व्यापलेली असते, तेवढा ऑक्सिजन कमी. त्यात मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. झाकण सैल राहिलेली बाटली जुलैत आठवडाभर पडली असेल, तर ट्यूनिंगवर डोकं खपवण्याआधी इंधन बदला. आणि हे इंधन वापरताना हातमोजे घाला: मेथॅनॉल विष आहे, त्वचेतूनही शरीरात जातं, आणि त्याची ज्वाळा उन्हात दिसत नाही. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये शंभरहून अधिक माणसं दगावली ती दारूतल्या याच मेथॅनॉलने. शीतपेयाच्या बाटलीत ते भरून ठेवणं हा गुन्हाच समजा.

सुई कितीही फिरवली तरी आयडलिंग वरखाली होत राहत असेल तर सुईला दोष देऊ नका. कुठून तरी हवा आत शिरतेय. नळीला बारीक चीर, टाकीच्या झाकणाची रबरी रिंग, कार्ब्युरेटरच्या बुडाची ओ-रिंग, मागच्या प्लेटचं गॅस्केट, या क्रमाने पाहत जा. टाकीत सायलेन्सरमधून दाब येतो, त्यामुळे झाकण गळत असलं तरी इंधन कमी पोचतं आणि गाडी लीन वागते. एअर फिल्टरचा स्पंज तेलात नीट भिजलेला हवा. कोरड्या फिल्टरमधून शिरलेली लाल माती पिस्टनला पॉलिश पेपरसारखी घासते.

नवीन इंजिनाबद्दल मतभेद फार. या इंजिनांत पिस्टनला रिंग नसते. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन, तो ज्या नळीत वरखाली होतो ती पितळेची स्लीव्ह आणि तिला आतून क्रोमचा मुलामा. स्लीव्ह वरच्या टोकाला मुद्दाम अरुंद ठेवलेली असते. गार इंजिन हाताने फिरवलं तर पिस्टन वर जाऊन घट्ट अडकतो. चालू असताना वरचा भाग सर्वांत जास्त तापतो, फुगतो, आणि फट बरोबर जमते. म्हणूनच नवीन इंजिन भरपूर रिच ठेवून गार गार चालवत टाक्याच्या टाक्या संपवायचा जुना सल्ला मला पटत नाही. गार स्लीव्हमध्ये पिस्टन प्रत्येक फेऱ्याला त्या अरुंद जागेत ठोकला जातो आणि जो घट्टपणा आपण पैसे देऊन घेतला तोच झिजतो. आधी हेअर ड्रायरने हेड तापवा, थोडं रिच ठेवा, पण तापमान नव्वदच्या आसपास राहू द्या. मध्ये मध्ये पूर्ण गार होऊ द्या, आणि गार होताना पिस्टन खाली ठेवा.

दिवस संपल्यावरचं काम पाच मिनिटांचं आहे आणि नव्वद टक्के लोक तेच टाळतात. टाकी रिकामी करायची, नळीतलं इंधन जाळून संपवायचं, प्लग काढून आफ्टर-रन ऑइलचे, म्हणजे गंज रोखणाऱ्या तेलाचे, काही थेंब आत सोडून फ्लायव्हील फिरवायचं. नायट्रोमिथेन जळताना आम्लं तयार होतात, मेथॅनॉल पाणी धरून ठेवतं; दोघं मिळून क्रँकची बेअरिंगं गंजवतात. पुढच्या रविवारी इंजिन खरखरतं तेव्हा त्याचं कारण मागच्या रविवारी असतं.

इंजिन संपलं की नाही हे कळायला सोपा उपाय आहे. गार असताना सुरू होतं, गरम झाल्यावर बंद पडलं की कितीही दोरी ओढा, धरत नाही. हेडवर ओला फडका ठेवा आणि परत ओढा. लगेच सुरू झालं तर गाठ झिजलेल्या स्लीव्हशी आहे: गार झाल्यावर ती आकसली आणि तेवढ्यापुरता दाब परत मिळाला. मग पिस्टन-स्लीव्हचा जोड बदलायचा, आणि इंजिन उघडलंच आहे तर कनेक्टिंग रॉडही. तिन्हींची किंमत जोडून पाहिली की बरेचदा नवीन इंजिनच परवडतं.