प्रेतांचा कारखाना: एका युद्धकालीन अफवेचा मागोवा

१७ एप्रिल १९१७. पहिलं महायुद्ध तिसऱ्या वर्षात रखडलेलं. त्या दिवशी लंडनच्या 'टाइम्स' आणि 'डेली मेल'मध्ये एक बातमी आली. जर्मन सैन्य आघाडीवर मेलेल्या आपल्याच सैनिकांची प्रेतं तारेने बांधून, गठ्ठे करून, रेल्वेने मागे नेतं. तिथल्या कारखान्यात ती उकळली जातात, चरबीचं वंगणतेल होतं आणि उरलेल्या हाडामांसाची भुकटी डुकरांच्या खाद्यात आणि खतात जाते. दोन्ही वर्तमानपत्रं लॉर्ड नॉर्थक्लिफ यांच्या मालकीची. बघता बघता ही बातमी जगभर पोचली.

ती खोटी होती. युद्धात खोट्या बातम्या पैशाला पासरी असतात, तरीही शंभर वर्षांनंतर हीच उकरून काढण्याचं कारण असं की, तिचा जन्म, तिचा वापर, तिचं पितळ उघडं पडणं आणि त्यानंतर तिने वसूल केलेली किंमत, हे सगळं कागदोपत्री दिसतं. प्रचाराबद्दल बोलताना आपण 'लोक फसले' इथे थांबतो. माझ्या मते खरी हानी त्यानंतर होते. खोट्याने एकदा पोळलेले लोक पुढच्या वेळी खऱ्या साक्षीदाराला दारातून परत पाठवतात.

या बातमीची जमीन तीन वर्षं आधी नांगरून ठेवलेली होती. ब्रिटनने ४ ऑगस्ट १९१४ ला युद्ध पुकारलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे 'अलर्ट' नावाच्या जहाजाने इंग्लिश खाडीच्या तळाशी असलेल्या जर्मनीच्या तारा वर ओढून तोडल्या. युरोपातल्या युद्धाच्या बातम्या अमेरिकेला जाणार त्या आता मुख्यतः लंडनमार्गे. एकही गोळी न झाडता मिळवलेला हा विजय पुढच्या कित्येक लढायांपेक्षा मोठा ठरला. सप्टेंबरमध्ये चार्ल्स मास्टरमन यांच्या हाताखाली 'वेलिंग्टन हाउस' या इमारतीत प्रचारखातं सुरू झालं. २ सप्टेंबरला तिथे देशातले नामवंत लेखक बोलावले गेले. आर्थर कॉनन डॉयल, एच. जी. वेल्स, थॉमस हार्डी, चेस्टरटन असे लोक त्या टेबलाभोवती बसले होते. पुस्तकं आणि पत्रकं निघू लागली, पण सरकारी छाप्याची नव्हे. ती नेहमीच्या खासगी प्रकाशकांच्या नावाने बाजारात येत. वाचणाऱ्याला वाटे, हे लेखकाचं स्वतःचं मत. या खात्याचा कारभार सर्वसामान्य ब्रिटिश माणसाला कळायला १९३० चं दशक उजाडावं लागलं.

सांगण्यासारखं खरं त्यांच्याकडे भरपूर होतं, हे मुद्दाम नोंदवायला हवं. जर्मन फौजा तटस्थ बेल्जियममध्ये घुसल्या. २३ ऑगस्ट १९१४ ला दिनां या गावात त्यांनी सुमारे ६७० नागरिक मारले. दोन दिवसांनी लूव्हां शहर पेटवलं आणि तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातली सुमारे तीन लाख पुस्तकं जळाली. बेल्जियम आणि फ्रान्स मिळून त्या काही आठवड्यांत सहा हजारांवर नागरिकांचा बळी गेला. हे पुरेसं नव्हतं का? प्रचार करणाऱ्यांना पुरेसं वाटलं नाही. मे १९१५ मध्ये जर्मन अत्याचारांची चौकशी करणाऱ्या लॉर्ड ब्राइस यांच्या समितीचा अहवाल आला. ब्राइस हे अमेरिकेत राजदूत राहिलेले, तिथे फार मानाने पाहिलं जाणारे विद्वान गृहस्थ. अहवालात सुमारे बाराशे जबान्यांचा आधार होता, पण त्या शपथेवर घेतलेल्या नव्हत्या आणि साक्षीदारांची नावं दिलेली नव्हती. खऱ्या कत्तलींच्या शेजारी छिन्नविच्छिन्न बाळांच्या, ऐकीव, कुणीही न तपासलेल्या कथा जाऊन बसल्या. जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' हे प्रवासी जहाज बुडवून पाचच दिवस झाले होते, त्यात १२८ अमेरिकन गेले होते. अहवालाच्या शब्दाशब्दावर विश्वास ठेवला गेला. तीसेक भाषांत त्याचे अनुवाद झाले.

आता १९१७ च्या बातमीकडे पुन्हा जाऊ, कारण ती शिवली कशी हे पाहण्यासारखं आहे. १० एप्रिलला बर्लिनच्या एका वर्तमानपत्राच्या वार्ताहराने फ्रान्समधल्या रँस शहराच्या उत्तरेकडून जाताना नाकात शिरलेल्या वासाबद्दल मोजक्या ओळी लिहिल्या: इथे सैन्याचा मढी वापरात आणणारा कारखाना आहे, चरबीचं वंगण होतं, बाकीचं दळून डुकरांच्या खाद्यात आणि खतात जातं, काहीच वाया जात नाही. त्याने वापरलेला जर्मन शब्द जनावरांच्या मढ्यांसाठीचा. आघाडीवर घोडे हजारोंनी मरत होते, त्यांची ही विल्हेवाट. त्याच सुमारास देशाबाहेर पडलेल्या बेल्जियन लोकांच्या एका वृत्तपत्रात एका कारखान्याचं लांबलचक, अंगावर काटा आणणारं आणि पूर्ण निनावी वर्णन आलं होतं. गठ्ठ्यांतली प्रेतं, ती पुढे नेणारी साखळी, तेलाचे बुधले, सगळं त्यात. लंडनमध्ये ही दोन कात्रणं शेजारी शेजारी ठेवली गेली. जर्मनांच्या स्वतःच्या तोंडची ओळ पुरावा झाली आणि निनावी वर्णन तपशील झालं. दोन्हीत एकच कारखाना आहे, हे कुणी सिद्ध केलं नाही. गरजच पडली नाही.

३० एप्रिलला हा विषय ब्रिटिश संसदेत निघाला. रोनाल्ड मॅकनील या खासदाराने विचारलं की, जर्मन लोक प्रेतं डुकरांना खाऊ घालतात ही गोष्ट इजिप्त, हिंदुस्थान आणि एकूण पूर्वेकडच्या देशांत जास्तीत जास्त पसरवण्याची व्यवस्था पंतप्रधान करणार का? आयरिश खासदार जॉन डिलन यांनी उलट बाजूने विचारलं की, याला सरकारकडे काही भक्कम आधार आहे का? सरकारतर्फे लॉर्ड रॉबर्ट सेसिल उत्तराला उभे राहिले. वर्तमानपत्रांत आलं त्यापलीकडे आपल्याकडे माहिती नाही, असं त्यांनी सांगितलं. मात्र जर्मन सैन्याची इतर कृत्यं पाहता या आरोपात अविश्वसनीय असं काही नाही, अशी पुस्तीही जोडली.

हे उत्तर पुन्हा एकदा वाचावं. मंत्री खोटं बोललेले नाहीत. 'हो' म्हणालेले नाहीत, 'नाही'ही म्हणालेले नाहीत. बेल्जियममधल्या खऱ्या अत्याचारांच्या पुण्याईवर त्यांनी एका अफवेला उधारी मिळवून दिली. प्रचाराचं सगळं कसब त्या एका पुस्तीत आहे आणि ते आजही रोज आपल्यासमोर वापरलं जातं.

मॅकनील यांना हिंदुस्थानची आठवण उगाच झाली नव्हती. त्या युद्धात इथून तेरा लाखांच्या आसपास माणसं परदेशी पाठवली गेली, त्यात मराठा पलटणीही होत्या. ज्या समाजात अंत्यसंस्काराला इतकं महत्त्व, तिथे प्रेताच्या विटंबनेची कथा किती खोल जाईल हे लंडनला बरोबर कळत होतं. इथल्या लोकमताची मशागत वेगळ्या मार्गांनीही चालू होती. इंग्लंडमधल्या ब्रायटनचा राजवाडा जखमी हिंदी शिपायांसाठी इस्पितळ झाला, तिथे धर्म आणि जातीप्रमाणे वेगळे मुदपाकखाने ठेवले गेले. ही काळजी खरीच होती. पण तिची छायाचित्रं आणि इंग्रजी, गुरुमुखी, उर्दूतली पुस्तिका छापून ती सरकारच्या औदार्याची जाहिरात झाली. दुसरीकडे शिपायांची घरी जाणारी पत्रं सेन्सॉर वाचत होते. ब्रायटनच्याच किचनर इस्पितळात हिंदी जखमींना आणि कर्मचाऱ्यांना बाहेर फिरायला कडक बंदी होती. त्या कोंडीला कंटाळून गोडबोले आडनावाच्या एका सब-असिस्टंट सर्जनने १९१५ मध्ये तिथल्या मुख्य अधिकाऱ्यावर, कर्नल सेटनवर, पिस्तूल रोखलं. त्याला लष्करी न्यायालयाने शिक्षा दिली. राजवाड्यातल्या खाटांचे फोटो गावोगाव गेले, ही हकीकत अर्थातच गेली नाही.

मुंबईत १० जून १९१८ ला गव्हर्नर विलिंग्डन यांनी टाउन हॉलमध्ये युद्ध परिषद भरवली. टिळक बोलायला उभे राहिले आणि त्यांनी स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नरांनी त्यांना थांबवलं. टिळक सभा सोडून निघून गेले. युद्धाला माणसं आणि पैसा द्या, प्रश्न विचारू नका, हा त्या व्यासपीठाचा अलिखित नियम होता.

अमेरिकेची कथा थोडक्यात सांगतो. ती एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली आणि आठवड्याभरात जॉर्ज क्रील यांच्या हाती प्रचारसमिती आली. सिनेमागृहात रीळ बदलायला लागणाऱ्या चार मिनिटांत भाषण ठोकणारे ७५ हजार स्वयंसेवक समितीने देशभर उभे केले. वर्षभरात, एप्रिल १९१८ मध्ये, इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिल गावात जमावाने रॉबर्ट प्रागर या जर्मन वंशाच्या कामगाराला झाडाला लटकवून मारलं. खटला भरला, आरोपी सुटले.

युद्ध संपलं आणि हिशेब मागायला सुरुवात झाली. १९२५ मध्ये ब्रिटिश लष्करी गुप्तवार्ता विभागाचे युद्धकाळातले अधिकारी जॉन चार्टरिस न्यूयॉर्कमधल्या एका भोजनसमारंभात बोलले. प्रेतांच्या कारखान्याची गोष्ट आपणच रचली, चीनमध्ये पूर्वजांच्या देहाबद्दल असलेला आदर लक्षात घेऊन ती तिकडे पेरली, असं ते म्हणाल्याचं छापून आलं. मायदेशी परतल्यावर त्यांनी ते नाकारलं. गोष्ट नेमकी कुणाच्या डोक्यातून निघाली यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. पण २ डिसेंबर १९२५ ला परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी संसदेत जर्मन सरकारचा खुलासा मान्य केला की, या गोष्टीला कधीच आधार नव्हता. ही खोटी बातमी पुन्हा डोकं वर काढणार नाही, अशी आशाही त्यांनी व्यक्त केली.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. युद्धातल्या असत्यांचे पंचनामे करणारी पुस्तकं आली. बेल्जियमच्या सगळ्याच कथा थापा होत्या, दिनां आणि लूव्हांसकट, असं शहाणी माणसं म्हणू लागली. खोट्यासोबत खरंही फेकलं गेलं. सुशिक्षित माणसाने अत्याचाराची बातमी ऐकून मंद हसायचं, हे त्या पिढीचं शहाणपण झालं. जर्मनीत एका माणसाने मात्र ब्रिटिश प्रचाराचं मनापासून कौतुक केलं आणि आपल्या आत्मचरित्रात त्याचे धडे लिहून काढले. १९३३ मध्ये तो सत्तेवर आला. मार्चमध्ये गोबेल्सचं प्रचारखातं झालं, ऑगस्टमध्ये ७६ मार्कांचा स्वस्त रेडिओ बाजारात आला.

आणि मग ती वेळ आली, जेव्हा खरोखरच माणसांचे कारखाने सुरू झाले.

२५ जून १९४२ ला 'डेली टेलिग्राफ'ने पोलंडमध्ये सात लाख ज्यू मारले गेल्याची बातमी दिली, ती आतल्या पानावर. ऑगस्टमध्ये जिनिव्हाहून जागतिक ज्यू काँग्रेसचे प्रतिनिधी गेरहार्ट रीगनर यांची तार आली की, युरोपातल्या सगळ्या ज्यूंना संपवण्याची योजना आहे. अमेरिकी परराष्ट्रखात्याने ती अफवा समजून बाजूला ठेवली. डिसेंबरात मित्रराष्ट्रांनी जाहीर निषेध केला, लंडनच्या संसदेत सदस्य मृतांसाठी स्तब्ध उभे राहिले. तरीही विश्वास बसत नव्हता. ऑगस्ट १९४३ मध्ये पोलंडमधल्या गुन्ह्यांबद्दल एक संयुक्त निवेदन तयार होत होतं, त्याच्या मसुद्यात गॅस चेंबरचा उल्लेख होता. ब्रिटनच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीचे प्रमुख व्हिक्टर कॅव्हेंडिश-बेंटिंक यांनी त्यावर टिपण लिहिलं. पुरावा नसलेल्या कथांवर जाहीर विश्वास दाखवून आपण आपलीच बाजू कमकुवत करतो, असा त्याचा आशय. गॅस चेंबरच्या गोष्टी ऐकून आपल्याला गेल्या युद्धातली प्रेतांपासून चरबी काढण्याची गोष्ट आठवते, ती भयंकर थाप होती आणि तिच्यामुळेच जर्मनांच्या खऱ्या क्रौर्याच्या हकीकती 'निव्वळ प्रचार' म्हणून झटकल्या गेल्या, असं त्यांनी त्यात स्पष्ट लिहिलं.

निवेदन ३० ऑगस्टला निघालं. गॅस चेंबरचा उल्लेख वगळलेला होता. त्याच महिन्याच्या २ तारखेला त्रेब्लिंका या नाझी मृत्युछावणीत कैद्यांनी उठाव केला होता आणि आउश्वित्झ-बिर्केनाऊ या दुसऱ्या छावणीची चारही नवी दाहगृहं मार्च ते जूनदरम्यानच चालू झाली होती. टिपण लिहिणारा माणूस मूर्ख नव्हता. त्याने इतिहासातून धडा घेतला होता, आणि तोच धडा त्याच्या डोळ्यांवर झापड झाला. या एका कागदासाठी मला १९१७ ची बातमी विसरता येत नाही.

नंतरच्या काळातली उदाहरणं वाचकांच्या आठवणीतली आहेत, त्यामुळे फार लांबवत नाही. १० ऑक्टोबर १९९० ला वॉशिंग्टनमध्ये नयिरा नावाच्या पंधरा वर्षांच्या कुवेती मुलीने रडत सांगितलं की, इराकी सैनिकांनी इस्पितळातल्या काचपेट्यांतून बाळं काढून जमिनीवर मरायला टाकली. पुन्हा तेच: शपथ नाही, पूर्ण नाव नाही. जानेवारीत सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी युद्धाला परवानगी दिली. वर्षभराने उघड झालं की, ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची मुलगी होती आणि साक्षीमागे हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी होती. इराकी फौजांनी कुवेतमध्ये छळ आणि खून केलेच होते. बेल्जियमप्रमाणे इथेही खरं पुरेसं होतं.

२००३ मध्ये इराककडची महासंहारक अस्त्रं दाखवून युद्ध झालं, अस्त्रं सापडली नाहीत. दहा वर्षांनी, २१ ऑगस्ट २०१३ ला, सीरियात दमास्कसजवळच्या घूता भागात विषारी वायूने शेकडो माणसं मेली. २९ ऑगस्टला ब्रिटिश संसदेत लष्करी कारवाईचा ठराव आला. इराक प्रकरणाने जनमताची विहीर विषारी करून टाकली आहे, हे पंतप्रधान कॅमेरॉन यांनी स्वतः सभागृहात मान्य केलं. कारवाई न करण्याच्या बाजूने इतरही सबळ कारणं होती, पण त्या दिवशी चर्चेत पुन्हा पुन्हा इराकच येत राहिला. ठराव २८५ विरुद्ध २७२ मतांनी पडला. घूतात सरीन वापरल्याचा संयुक्त राष्ट्रांच्या तपासनिसांचा अहवाल त्यानंतर अठरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला प्रसिद्ध झाला.