काचेखालचा कोळी किती मोठा?

शिरोळकडच्या वांग्याच्या शेतात ऊन तापलं की पानांच्या खालच्या अंगाला बारीक जाळी दिसू लागते. पान उलटून शेतकरी म्हणतो, ‘लाल कोळी पडला.’ हा कोळी म्हणजे ‘माइट’, घरात जाळं विणणारा कोळी नव्हे. याची मादी जेमतेम अर्धा मिलिमीटर. अभ्यासकाला मात्र तिचं माप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात हवं असतं.

त्यासाठी कोळी आधी लॅक्टिक आम्लात ठेवून पारदर्शक करतात. मग काचपट्टीवर हॉयरच्या द्रावणाच्या थेंबात बसवतात. या द्रावणात डिंक, क्लोरल हायड्रेट, ग्लिसरीन आणि पाणी असतं. वरून पातळ काच टेकली की मऊ अंग भाकरी थापावी तसं पसरतं. त्यामुळे वहीत ‘रुंदी 300 मायक्रॉन’ लिहिलं, तर त्यातली थोडी कोळ्याची आणि थोडी काचेची असते!

म्हणून जाणकार कडक भागांवर भिस्त ठेवतात: पाठीवरची ढाल, पायांचे खंड, अंगावरचे केस. दाबाने हे फारसे बदलत नाहीत. लांबी लिहितानाही तोंडाचा भाग धरला की वगळला, हे सांगावंच लागतं. नाहीतर दोघांचे आकडे जुळणार नाहीत.

सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावतो त्या भागात, मापाची पट्टी असते, पण तिच्या एका भागाचं मोल भिंगागणिक बदलतं. ते ठरवायला 1 मिलिमीटरचे 100 भाग पाडलेली काचपट्टी वापरतात. तिचा एक भाग 10 मायक्रॉनचा. नेत्रिकेतले 40 भाग तिच्या 10 भागांवर नेमके बसले, तर एक भाग अडीच मायक्रॉनचा. भिंग बदललं की हिशेब पुन्हा.

आणि कोल्हापूरचा पावसाळा! हॉयरचं द्रावण हवेतला ओलावा ओढतं. पट्टी उबदार कपाटात नीट वाळवून कडा लाखेसारख्या लेपाने बंद केल्या नाहीत, तर नमुना हातचा जातो.

एवढा खटाटोप कशाला, तर मधमाशीवरच्या वरोआ नावाच्या कोळ्याकडे पाहा. पाटगावच्या मधपेट्यांत असते ती सातेरी मधमाशी ज्या आशियाई जातीची, तीच याची मूळ यजमान, म्हणजे जिच्यावर तो जगतो ती. 1904 साली जावातल्या नमुन्यांवरून त्याला नाव मिळालं. पुढे युरोपीय मधमाश्यांच्या वसाहती संपवणारा कोळीही तोच, असं जगभर मानलं गेलं. 2000 साली अँडरसन आणि ट्रूमन या संशोधकांनी डीएनए आणि मापं दोन्ही तपासली. युरोपीय मधमाश्यांवरचा कोळी जावातल्यापेक्षा सुमारे 100 मायक्रॉन लांब आणि 200 मायक्रॉन रुंद भरला. त्याची पाठ कडक, त्यामुळे हा फरक काचेचा नव्हता. जात वेगळी ठरली आणि नाव पडलं वरोआ डिस्ट्रक्टर.