युझिंग लिहूनही नेमस्पेस का सापडत नाही: पार्श्वभूमी

समजा, कोल्हापूरजवळच्या एखाद्या साखर कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कारखाना.हिशेब’ आणि ‘कारखाना.वजनकाटा’ असे दोन प्रोजेक्ट सी शार्प या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग भाषेत आहेत, आणि त्यांतल्या नेमस्पेसची (कोडमधल्या नावांच्या गटांची) नावंही तीच आहेत. हिशेबाच्या फाइलीत वर ‘युझिंग कारखाना.वजनकाटा’ लिहून बिल्ड केलं (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवायला घेतला), की ‘ही नेमस्पेस सापडत नाही’ अशी सीएस०२३४ एरर येते. नवी मुलं स्पेलिंग तपासत बसतात. राहिलेला असतो प्रोजेक्ट रेफरन्स, म्हणजे हा प्रोजेक्ट त्या दुसऱ्या प्रोजेक्टचा कोड वापरतो अशी प्रोजेक्ट फाइलीतली नोंद.

याचं मूळ सी शार्प ज्यावर चालते त्या डॉट नेटच्या २००२च्या १.० आवृत्तीत आहे. सी भाषेसारख्या वेगळ्या हेडर फाइली गेल्या, टाइपची (क्लास वगैरेंची) माहिती डीएलएलमध्ये, म्हणजे बिल्ड झालेल्या लायब्ररीच्या फाइलीतच आली. नेमस्पेस हा टाइपच्या नावाचा नुसता सुरुवातीचा भाग, असेंब्ली ही बिल्डमधून निघणारी प्रत्यक्ष फाइल (उदाहरणार्थ डीएलएल), आणि दोन्हींची सांगड सक्तीची ठेवली नाही. युझिंग काहीही लोड करत नाही, लांब नाव लिहिणं तेवढं वाचवतं.

या निर्णयावर अजून वाद होतो. डॉट नेट फ्रेमवर्क या जुन्या शाखेतली ‘सिस्टम.कलेक्शन्स.जेनेरिक’ नेमस्पेस बघा: लिस्ट हा टाइप एमएसकोरलिब डीएलएलमध्ये, क्यू आणि स्टॅक सिस्टम डीएलएलमध्ये, आणि २००७ साली फ्रेमवर्क ३.५सोबत आलेला हॅशसेट सिस्टम.कोर डीएलएलमध्ये. नेमस्पेस एक, फाइली तीन. शिकणाऱ्याला हे जाचतं, पण त्यामुळेच जुनी डीएलएल न उघडता लायब्ररी वाढवता आली. जावाने २०१७मध्ये मॉड्यूल आणताना उलट वाट धरली: एकच पॅकेज (जावातली नेमस्पेस) दोन मॉड्यूलमध्ये विभागायला मनाई. तरी डॉट नेटचा निर्णय योग्यच होता. घोळ घातला नव्या प्रोजेक्टच्या तयार साच्याने, म्हणजे टेम्प्लेटने. नवा प्रोजेक्ट करताना प्रोजेक्ट, असेंब्ली आणि मूळ नेमस्पेस तिन्हींना तेच नाव मिळतं, म्हणून तिन्ही एकच वाटतात. पुढे प्रोजेक्टचं नाव बदललं, तरी कोडमधली नेमस्पेस आपोआप बदलत नाही.

दुसरी खोड म्हणजे प्रोजेक्ट रेफरन्स न देता ब्राउझ करून बिन-डीबग फोल्डरमधली (चाचणीच्या डीबग बिल्डची) डीएलएल जोडणं. प्रोजेक्ट फाइलीत हिंटपाथ, म्हणजे त्या डीएलएलचा ठरावीक पत्ता पडतो. मग वजनकाटा आधी बिल्ड व्हायला हवा हे बिल्डला कळत नाही, जुनीच डीएलएल उचलली जाते आणि रिलीज बिल्डमध्येही डीबगची फाइल शिरते.

२०१७च्या नव्या प्रोजेक्ट फाइलीपासून रेफरन्सचा रेफरन्सही आपोआप मिळू लागला. २०२१च्या सी शार्प १०मध्ये ग्लोबल युझिंग आलं, म्हणजे एकदा लिहिलेलं युझिंग प्रोजेक्टच्या सगळ्या फाइलींना लागू. नव्या टेम्प्लेटमधल्या नेहमीच्या युझिंग ओळी आता ऑब्ज फोल्डरमध्ये बिल्डने आपोआप तयार केलेल्या फाइलीत असतात. रेफरन्स मात्र द्यावाच लागतो, आणि त्यातही टार्गेट (प्रोजेक्ट डॉट नेटच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते) जुळायला हवं: फ्रेमवर्क ४.८चा प्रोजेक्ट डॉट नेट ६चा रेफरन्स घेत नाही. दोन्हींना लागणारा कोड डॉट नेट स्टँडर्ड २.० या दोन्हींना चालणाऱ्या सामायिक टार्गेटच्या वेगळ्या प्रोजेक्टमध्ये काढावा.