खुलासा : दोन निकोलस, दोन ग्रंथ

‘अँटिडोटेरियम निकोलाय’ हा लॅटिन औषधसंग्रह म्हणजे बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्यातला) वैद्य निकोलाओस मिरेप्सोसच्या ग्रीक ‘डायनामेरॉन’चा संक्षेप, हा समज शतकानुशतके चालत आला आहे. तो काळाच्या हिशेबातच बसत नाही. लॅटिन ग्रंथ इटलीतल्या सालेर्नोचा, बाराव्या शतकातला. मिरेप्सोस तेराव्या शतकातला, निकिया (आजच्या तुर्कस्तानातले शहर) इथल्या सम्राट जॉन वाटाट्झीसच्या दरबारातला. उधारी झाली ती उलट्या दिशेने: सालेर्नोचे पाठ, म्हणजे औषधांच्या कृती, ग्रीकमध्ये उतरले आणि मिरेप्सोसने ते आपल्या संग्रहात घेतले.

घोळ होतो तो नावामुळे: ‘निकोलाय’ म्हणजे ‘निकोलसचा’, आणि निकोलाओस म्हणजेही निकोलस. त्यामुळे ग्रंथसूचीत नुसते ‘निकोलस’ दिसले, तर आधी पाठ मोजावेत. सालेर्नोच्या संग्रहात ते शे-सव्वाशेच्या आसपास, अकारविल्हे. सुरुवात ‘ऑरिया अलेक्झांड्रिना’ या औषधाने. मिरेप्सोसकडे साडेसव्वीसशेहून अधिक, औषधाच्या प्रकारानुसार गट पाडून. एकट्या अँटिडोट (उतारा) विभागातच पाचशेहून जास्त. इतका मोठा फरक प्रतींतल्या गाळीव-वाढीव मजकुराने पडत नाही. 1471 मध्ये व्हेनिसला छापला गेला तो सालेर्नोचा ग्रंथ. मिरेप्सोसचा लिओनहार्ट फुक्सने केलेला लॅटिन अनुवाद 1549 चा, बाझेलचा. सालेर्नोच्या ग्रंथाची लॅटिन आवृत्ती हाती घेऊन ‘हाच मिरेप्सोस’ म्हणणारे बहुधा मुखपृष्ठाच्या पुढे गेलेले नसतात.