अमेरिकेत फाल्कनरीचा अप्रेंटिस परवाना: पात्रता, कागदपत्रे आणि आधी करायची कामे

फाल्कनरीची, म्हणजे शिकवलेल्या शिकारी पक्ष्याकडून शिकार करण्याच्या कलेची, चौकशी करणारा जवळपास प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो पक्षी कुठे मिळेल याचा. खरं तर हा शेवटचा प्रश्न. परवाना हातात येण्याआधी ससाणा, हॉक किंवा घुबड घरी आणलं तर तो केंद्रीय गुन्हा ठरतो, मग ते जखमी सापडलेलं का असेना.

यामागचा कायदा १९१८ चा, स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचा. शिकारी पक्षी मात्र त्यात बऱ्याच उशिरा, १९७२ साली मेक्सिकोबरोबरच्या करारात दुरुस्ती झाली तेव्हा आले. योगायोग असा की भारताचा वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा. तिकडे जंगलातला शिक्रा पकडून पाळायची वाट त्या कायद्याने बंद झाली. अमेरिकेने परीक्षा, तपासणी आणि परवाना अशी चाळणी लावून ती उघडी ठेवली. त्यामुळे खाली दिलेली सगळी माहिती फक्त अमेरिकेपुरती आहे.

किमान नियम केंद्राचे, म्हणजे यू. एस. फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचे. परवाना मात्र १ जानेवारी २०१४ पासून फक्त राज्य देतं, वेगळा केंद्रीय परवाना आता लागत नाही. राज्याला केंद्रापेक्षा कडक नियम लावता येतात, सैल करता येत नाहीत. हवाई सोडून इतर सर्व राज्यांत फाल्कनरीला परवानगी आहे. अर्ज राज्याच्या वन्यजीव खात्याकडे करायचा. शुल्क, फॉर्म आणि पक्षी पकडण्याचा हंगाम ज्या त्या राज्याचा वेगळा असतो, तेव्हा शेजारच्या राज्यातल्या मित्राचा फॉर्म उतरवून काढू नका.

पात्रता

नवशिक्याला मिळतो तो अप्रेंटिस परवाना. त्यासाठी वयाची १२ वर्षं पूर्ण हवीत. जुन्या माहितीपत्रकांत १४ लिहिलेलं सापडतं, पण २००८ च्या नियमावलीने ते १२ वर आणलं. तरी आपल्या राज्याची अट तपासून घ्या. अर्जदार १८ वर्षांखालचा असेल तर आई, वडील किंवा कायदेशीर पालकाने अर्जावर सही करायची. ही सही नावापुरती नसते, कारण मुलाच्या हातून नियम मोडला तर जबाबदारी पालकावर येते.

परवाना शिकारीचा असल्यामुळे बहुतेक राज्यांत शिकारीचं लायसन्सही लागतं, आणि ते पहिल्यांदा काढताना शिकार-सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. कोर्समध्ये बंदुकीबद्दल बरंच काही असतं. आपल्याला बंदूक लागणार नसली तरी तो चुकत नाही. पक्षी नुसता हौसेने पाळायचा, शिकारीला न्यायचा नाही, असं मनात असेल तर हा परवाना तुमच्यासाठी नाही.

स्पॉन्सर

सगळं अडतं ते इथेच. तुम्हाला शिकवायची जबाबदारी घेणारा अनुभवी फाल्कनर, म्हणजे स्पॉन्सर, मिळवावा लागतो. त्याचं वय किमान १८ हवं आणि त्याने जनरल दर्जाच्या, म्हणजे अप्रेंटिसच्या वरच्या, परवान्यावर किमान २ वर्षं काढलेली असावीत. तो राज्याला सहीचं पत्र देतो: पक्ष्याची निगा आणि शिक्षण, वन्यजीव कायदे, आणि तुमच्यासाठी कोणती जात योग्य, या तिन्ही बाबतींत मी याला मदत करीन.

पत्र एका पानाचं, पण ते सहजी कुणी देत नाही. अप्रेंटिसने पक्ष्याची आबाळ केली तर बोल स्पॉन्सरला लागतो, आणि पुढची दोन वर्षं रात्री-अपरात्री फोन त्यालाच येणार असतात. म्हणून थेट ईमेल करून "माझे स्पॉन्सर व्हाल का?" असं विचारलं की बहुधा उत्तरच येत नाही. त्याऐवजी राज्यातल्या फाल्कनर मंडळींच्या क्लबच्या बैठकीला जा. नॉर्थ अमेरिकन फाल्कनर्स असोसिएशन ही १९६१ पासूनची देशपातळीवरची संघटना आहे. तिथूनही आपल्या राज्यातल्या माणसांपर्यंत पोचता येतं. ओळख झाली की हिवाळ्यात त्यांच्याबरोबर रानात चला. काठी घेऊन झुडपं बडवायची, ससे उठवायचे, काट्यांत घुसायचं, आणि पक्षी झाडावर रुसून बसला तर थंडीत तासभर खाली उभं राहायचं. दोन-तीन वेळा असं करूनही तुम्ही चौथ्यांदा आलात, की मग बोलणं निघतं.

माझ्या स्पॉन्सरने पहिल्या भेटीत पक्ष्यांविषयी एक शब्द विचारला नाही. त्याचा प्रश्न होता, नोकरी किती वाजता सुटते? मी सहा म्हटलं. तो म्हणाला, डिसेंबरात पाचच्या आत अंधार पडतो, मग पक्षी कधी उडवणार? कामाची वेळ बदलून घेतल्यावरच त्याने पत्रावर सही केली. तेव्हा राग आला होता, आता मीही नवख्यांना हेच विचारतो.

लेखी परीक्षा

राज्याचं खातं परीक्षा घेतं. किमान ८० टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. शिकारी पक्ष्यांची ओळख आणि जीवशास्त्र, निगा, शिक्षण, पकडण्याच्या पद्धती, निवाऱ्याचे नियम, कायदे आणि आजार असा अभ्यासक्रम असतो. पक्षीनिरीक्षणाची सवय असलेले ओळखीच्या भागात तरतात आणि आजारांत गडबडतात. बंबलफूट म्हणजे तळव्याला होणारी जंतुबाधा आणि सूज, ॲस्परजिलोसिस म्हणजे श्वसनमार्गातली बुरशी, फ्रॉन्स म्हणजे तोंडा-घशात होणारा, कबुतरं खाऊन लागणारा आजार. ही नावं, लक्षणं आणि कारणं नीट पाठ असू द्या. कायद्याचा भाग राज्याच्या नियमावलीतूनच वाचा.

निवारा आणि तपासणी

पक्ष्याच्या खोलीला म्यूज म्हणतात. मापाचा आकडा केंद्रीय नियमांत नाही, कसोटी दिली आहे: पक्षी मोकळा ठेवणार असाल तर त्याला उडता यावं, बांधून ठेवणार असाल तर पंख पूर्ण पसरता यावेत आणि फडफडला तरी पिसं मोडू नयेत. सूर्यप्रकाशासाठी किमान एक उघडी जागा हवी. पक्षी बाहेर ठेवायचा असेल तर ती जागा वरूनही बंद असावी, कारण रात्री घुबड आणि रॅकून दोघेही येतात.

सामानात जेसेस म्हणजे पायातले पट्टे, ऊन-पावसात टिकणारी लीश म्हणजे बांधायची दोरी, दोरीला पीळ बसू न देणारी फिरती कडी, बसायचा पर्च, पिण्या-आंघोळीचं भांडं आणि वजनकाटा. काट्यावर कंजुषी करू नका. पुढचं सगळं शिक्षण त्याच्यावर चालतं. सकाळी पक्षी काट्याच्या पर्चवर उभा करायचा, ग्रॅममध्ये आकडा लिहायचा, आणि त्यावरून आज तो बोलावल्यावर मुठीवर येईल की झाडावर बसून तुमच्याकडे पाहत राहील याचा अंदाज करायचा.

परवान्याआधी राज्याचा अधिकारी म्यूज पाहायला येतो. माझ्याकडे आलेल्याने फूटपट्टी काढलीच नाही. आत शिरून त्याने चारही भिंतींवरून हळूच हात फिरवला, आणि दाराच्या मागे अर्धा इंच बाहेर आलेलं खिळ्याचं टोक सापडलं. "यावर पिसं फाटतील," एवढंच बोलला. ते वाकवून दाखवल्यावर सही झाली. तेव्हा तपासणीच्या आदल्या दिवशी तुम्हीही असाच हात फिरवून बघा.

अर्जासोबत काय जोडायचं

राज्याचा भरलेला अर्ज, स्पॉन्सरचं पत्र, परीक्षेचा निकाल, तपासणीचा अहवाल आणि शुल्क. शिवाय एक सही केलेलं, तारीख घातलेलं निवेदन लागतं, की अधिकारी कोणत्याही वाजवी वेळी, आधी न कळवता तपासणीला येऊ शकतात याला माझी संमती आहे. भाड्याच्या घरात राहत असाल तर असंच निवेदन घरमालकाकडूनही घ्यावं लागतं. बरेच अर्ज इथे लटकतात, कारण पाळीव कुत्र्यालाही नाक मुरडणारा घरमालक शिकारी पक्ष्याला चटकन हो म्हणत नाही. लाकूड आणि जाळी विकत घेण्याआधी त्याच्याशी बोला.

वेळेचा हिशेब उलटा मांडायचा. पक्षी पकडायचा तो पानगळीत, म्हणून वसंतात परीक्षा, उन्हाळ्यात म्यूज. स्पॉन्सर त्याच्या आदल्या हिवाळ्यात.

परवाना मिळाल्यावर

अप्रेंटिसला एकच पक्षी ठेवता येतो. रानातून पकडायचा असेल तर तो एक वर्षाच्या आतला हवा, पण घरट्यातलं पिल्लू चालत नाही. माणसालाच आपल्या जातीचा समजणारा, म्हणजे इम्प्रिंट झालेला पक्षीही चालत नाही. गरुड आणि आणखी काही जाती अप्रेंटिसला वर्ज्य आहेत, यादी नियमावलीत आहे. बहुतेक जण पहिल्या वर्षाचा रेड-टेल्ड हॉक घेतात. त्या वयात शेपटी अजून तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांची असते, लाल नसते, त्यामुळे वय लांबूनही ओळखू येतं.

पकडण्याचा सगळ्यात प्रचलित सापळा म्हणजे बाल-छत्री: जाळीच्या घुमटात उंदीर, वरती बारीक फास. नाव वाचून दचकलात ना? सापळा मूळचा भारतातलाच. बाल म्हणजे घोड्याचे केस, ज्यांचे फास पूर्वी करत. आता नायलॉनचा दोरा वापरतात, नाव मात्र अमेरिकेतही तेच राहिलं.

पक्षी हाती आला की १० दिवसांच्या आत फॉर्म ३-१८६ए ऑनलाइन भरायचा. पक्षी दुसऱ्याला दिला, मेला, किंवा हरवून ३० दिवसांत सापडला नाही, तरी तोच फॉर्म. रानातून पकडलेला पक्षी विकता येत नाही, विकत घेताही येत नाही. पकडायला, उडवायला किंवा पक्ष्याला कुठे न्यायला घराबाहेर पडलात की परवान्याची प्रत खिशात हवी. आणि पक्ष्याने हंगाम नसलेलं सावज मारलं, तर त्याला तिथेच खाऊ द्यायचं, उचलून घरी आणायचं नाही.

जनरल दर्जासाठी वय किमान १६ हवं आणि अप्रेंटिस म्हणून किमान २ वर्षं झालेली हवीत. त्यात दर वर्षी किमान ४ महिने पक्षी सांभाळून, उडवून, त्याच्यासोबत शिकार केलेली असावी. त्या वेळीही जनरल किंवा त्याहून वरच्या, मास्टर दर्जाच्या फाल्कनरचं पत्र लागतं, म्हणून रोजच्या वजनाची वही आणि शिकारीच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवा. हंगाम संपल्यावर अनेक जण रेड-टेल्डला वसंतात परत रानात सोडतात. आधी भरपूर खाऊ घालून त्याचं वजन वाढवायचं, मग पायातले पट्टे कापायचे, मूठ उघडायची, आणि घरी येऊन पुन्हा तोच ३-१८६ए.